मे-जूनमधली श्रीलंका: नागपूरकरांसाठी दिवसागणिक मार्ग, उंची आणि पावसाचं गणित

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे नागपूरची बरीच कुटुंबं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाहीतर जूनमध्ये बाहेर पडतात. नेमक्या त्याच दिवसांत श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मोसमी पाऊस उतरतो. तरीही बहुतेक टूर पॅकेजमध्ये बेंटोटा आणि हिक्कडुवा असतातच, कारण ती डिसेंबरच्या पाहुण्यांसाठी आखलेली असतात. मग लाल झेंडे लावलेला गढूळ समुद्र हॉटेलच्या गॅलरीतून बघायचा आणि ‘लंकेत नुसता पाऊस होता’ म्हणत परतायचं. त्याच दिवशी अडीचशे किलोमीटरवर त्रिंकोमालीला समुद्राचा तळ दिसत असतो. म्हणून हा मार्ग मुद्दाम उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी मांडला आहे.

देश लहान आहे. क्षेत्रफळ 65,610 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाचा साधारण दोन तृतीयांश. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे 430 किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी. बेटाच्या मध्यावर, जरा दक्षिणेकडे, डोंगरांचा एक गठ्ठा उभा आहे. त्यातलं सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागल, 2,524 मीटर. सगळा खेळ या गठ्ठ्याचा. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारं वारं पश्चिम उतारावर पाऊस टाकून पूर्वेकडे कोरडं होऊन उतरतं. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचं वारं वाहतं, तेव्हा पूर्व किनारा आणि उत्तर भाग भिजतो. मधल्या मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर कुठेही गडगडाटी पाऊस येतो, आणि दिवाळीच्या सुमाराला बंगालच्या उपसागरातल्या वादळांची धास्ती असते. आपल्याकडे महिना सांगितला की ऋतू कळतो. इथे डोंगराची बाजू आणि उंची सांगितल्याशिवाय हवा कळत नाही.

उंचीचा हिशेब सोपा आहे: हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर 28 अंश असेल तर पाचशे मीटरवरच्या कँडीत 25 आणि 1,868 मीटरवरच्या नुवारा एलियात 16. चिखलदऱ्याहून नुवारा एलिया सुमारे साडेसातशे मीटर उंच आहे, त्यामुळे स्वेटर घेतलाच पाहिजे. बाकी कपडे पटकन वाळणारे हवेत. नागपूरच्या कोरड्या उन्हात सुती शर्ट तासाभरात वाळतो. कँडीच्या दमट हवेत तोच दोन दिवस ओला राहतो आणि वास मारतो.

दिवस पहिला: नागपूर ते निगोंबो

नागपूरहून मुंबई किंवा बंगळूरमार्गे विमानाने जाणं सर्वांत सुटसुटीत. रेल्वेने जायचं तर ग्रँड ट्रंक किंवा तामिळनाडू एक्सप्रेसने चेन्नई, आणि तिथून जेमतेम दीड तासाचं विमान. उन्हाळी गर्दीत गाड्यांना उशीर होतो, म्हणून चेन्नईत एक रात्र मधे ठेवा. गाडीतून उतरून थेट विमान गाठण्याचा बेत धरू नका. ईटीए हा ऑनलाइन प्रवास परवाना आधी काढावा लागतो. त्याचे नियम आणि शुल्क वरचेवर बदलतात, म्हणून निघण्याआधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, एजंटच्या जुन्या कागदावर नाही. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

विमानतळ कोलंबोत नसून शहराच्या उत्तरेला, सुमारे तीस किलोमीटरवर कटुनायके इथे आहे. पहिली रात्र जवळच्या निगोंबोत काढली की दुसऱ्या दिवशी शहराच्या वाहतुकीत न शिरता उत्तरेकडे निघता येतं. घड्याळ बदलायचं नाही, दोन्ही देशांची वेळ एकच. आपली गोल पिनांची प्लग बरीच ठिकाणी चालते, पण नव्या हॉटेलांत तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं. एक अडॅप्टर पुरतो.

दिवस दुसरा: अनुराधपुर

अंतर सुमारे 170 किलोमीटर, वेळ चार तास. समृद्धी महामार्गाचं गणित इथे लावू नका. सपाटीवर ताशी चाळीस-पंचेचाळीस, घाटात पंचवीस-तीस, असाच हिशेब धरा. पॅकेज आखणारे या एका गोष्टीत सर्वाधिक चुकतात, आणि मग दिवसभर गाडीत बसून ठिकाणं फक्त खिडकीतून दिसतात.

निगोंबो सोडल्यावर तासाभरात नारळ आणि गर्द हिरवळ विरळ होते, झुडपी जंगल सुरू होतं आणि मग एकामागून एक तलाव. हा बेटाचा कोरडा पट्टा. कोरडा म्हणजे वाळवंट नव्हे: इथेही वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जवळजवळ नागपूरइतका. पण तो मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि पुढे लांबच लांब उघडीप. खाली खडक कठीण, स्फटिकी, अतिप्राचीन. त्यात पाणी फारसं मुरत नाही आणि साठतही नाही. म्हणून पाणी जमिनीवरच अडवावं लागलं. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाने मालगुजारी तलाव बांधले, त्यामागेही असाच खडक आणि हेच कारण. त्या भागातल्या माणसाला अनुराधपुरची पाळ, सांडवा आणि पाळीखालची भातशेती लगेच ओळखू येईल.

फरक आहे तो आकाराचा आणि काळाचा. इथला अभयवापी हा तलाव इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला मानला जातो. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने कलावेव हा प्रचंड तलाव बांधला आणि तिथून 87 किलोमीटरचा कालवा अनुराधपुरच्या तिस्सवेव तलावापर्यंत आणला. या कालव्याच्या पहिल्या 27 किलोमीटरांत उतार किलोमीटरमागे जेमतेम दहा सेंटिमीटर आहे. इतका कमी की पाणी वाहतं पण काठ खात नाही. मोठ्या तलावाच्या पाळीत पाण्याच्या बाजूला दगडांनी बांधलेली चौकोनी विहीर दिसते, तिला बिसोकोटुव म्हणतात. खोल तलावातून पाणी थेट मोरीत सोडलं तर दाबामुळे पाळ आतून पोखरली जाते. या विहिरीत पाण्याचा जोर मोडतो आणि मग ते शांतपणे बाहेर पडतं. गाडी थांबवून ही विहीर जवळून बघा. या देशाचं कौशल्य इतकं उघड्यावर दुसरीकडे क्वचितच दिसतं.

नागपूरच्या अनेकांसाठी अनुराधपुरला येण्याचं कारण वेगळंच असतं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष इथल्या श्रीमहाबोधीच्या फांद्यांपासून वाढला; भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्या आणल्या होत्या. हा मूळ वृक्ष इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात संघमित्रेने आणलेल्या फांदीपासून लावला, अशी परंपरा आहे. दर्शनाला सकाळी साडेसहा किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. चपला आणि टोप्या बाहेरच ठेवाव्या लागतात, आणि दुपारी रुवनवेलीसाय या महास्तूपाच्या अंगणातली फरशी तापलेल्या तव्यासारखी असते. जाड मोजे चालतात. पिशवीत एक जोड ठेवाच. खांदे-गुडघे झाकलेले, पांढरे किंवा फिके कपडे घाला. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं इथे अपमान समजलं जातं.

दर पौर्णिमेला देशभर पोया, म्हणजे सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. वैशाख पौर्णिमा बहुधा मेमध्ये येते. जूनच्या पोसोन पौर्णिमेला अनुराधपुर आणि शेजारच्या मिहिंतलेला लाखो भाविक जमतात, कारण बौद्ध धम्म घेऊन आलेल्या महेंद्र थेरांचं आगमन त्या दिवशीचं. श्रद्धेने जाणाऱ्यांनी ती तारीख साधावी, बाकीच्यांनी टाळावी. त्या दिवसांत खोली मिळत नाही.

दिवस तिसरा आणि चौथा: त्रिंकोमाली

अनुराधपुरहून त्रिंकोमाली सुमारे 105 किलोमीटर, अडीच-तीन तास. सकाळी मिहिंतले करून दुपारी निघा आणि अंधाराआधी पोहोचा. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने संधिप्रकाश थोडाच टिकतो: साडेसहाच्या आत सूर्य मावळतो आणि सातपर्यंत काळोख. या भागात रात्री रस्त्यावर हत्ती येतात. गाडीसमोर हत्ती आला तर हॉर्न वाजवायचा नाही, अंतर ठेवून थांबायचं.

डोंगर ओलांडून येणारं कोरडं वारं या दिवसांत पूर्व किनाऱ्यावर उतरतं. स्थानिक लोक त्याला कच्चान म्हणतात. दुपारी पारा 35-36 अंशांवर जातो. पंचेचाळीस अंश सोसणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल आणि तिथेच घात होतो. समुद्रकाठी हवेत ओल असल्याने घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही, आणि आपला कूलर तर इथे काहीच कामाचा नाही. दुपारी बारा ते तीन सावलीत राहा. थंबिली, म्हणजे केशरी शहाळं, रस्त्याकडेला मिळतं. ते आणि मीठ-साखरेचं पाणी घेत राहा. जाता जाता माध्यान्हीची सावलीही पाहा. मेच्या शेवटच्या आठवड्यात नागपूरला सूर्य बरोबर डोक्यावर असतो, इथे मात्र तो तेव्हा उत्तरेकडे झुकलेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते.

त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीचा किनारा मे ते ऑगस्ट शांत असतो. समोरच्या पिजन आयलंडवर प्रवाळ पाहायला होडीने जातात. सकाळची पहिली फेरी घ्या: पाणी स्वच्छ, गर्दी कमी. प्रवाळावर पाय ठेवला तर तो मरतो आणि तळवाही कापतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून वरूनच बघा. त्रिंकोमालीचं नैसर्गिक बंदर खोल आहे, कारण समुद्राखालची एक दरी थेट कोड्डियार उपसागरात शिरते. बेटाची सर्वांत लांब नदी महावेली (335 किलोमीटर) याच उपसागरात येऊन मिळते. खोल पाणी किनाऱ्याच्या इतकं जवळ असल्यामुळे या महिन्यांत देवमासेही इथे जवळून दिसतात. संध्याकाळी कड्यावरच्या कोणेश्वर मंदिरात जा. तिथून सगळा उपसागर नजरेत येतो.

दिवस पाचवा: पोळोन्नरुव, मुक्काम सिगिरिया

हबरणामार्गे पोळोन्नरुव. बाराव्या शतकात पराक्रमबाहूने वाढवलेला पराक्रम समुद्र हा तलाव, त्याची सुमारे चौदा किलोमीटरची पाळ आणि गल विहारातल्या दगडात कोरलेल्या मूर्ती, एवढं पाहायला तीन तास पुरतात. मिन्नेरिया उद्यानातला हत्तींचा मेळा या दिवसांत विकत घेऊ नका. तलावाचं पाणी आटून गवत उघडं पडतं ते ऑगस्टच्या सुमाराला, आणि हत्ती तेव्हाच मोठ्या संख्येने जमतात.

शाकाहारी मंडळींसाठी एक शब्द फार उपयोगाचा: ‘उंबलकड’, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. तो खोबऱ्याच्या पोळ सांबोलात आणि कित्येक भाज्यांतही असतो, दिसत नाही. ‘उंबलकड नको’ असं आधीच सांगा. परिप्पू हे मसुरीच्या डाळीचं वरण, भात आणि इडियप्पम (तांदळाच्या वाफवलेल्या शेवया) सगळीकडे मिळतं. तिखटाची काळजी सावजी खाणाऱ्या गावाने करू नये.

दिवस सहावा: सिगिरिया, दंबुल्ल, कँडी

सिगिरियाचा खडक आजूबाजूच्या सपाटीपासून सुमारे 180 मीटर उभा आहे, पायऱ्या बाराशेच्या घरात. दार उघडताच चढा. नऊनंतर लोखंडी जिन्यांवर रांग आणि ऊन दोन्ही वाढतं. खडकावर गांधीलमाश्यांची पोळी आहेत, आवाज केला तर त्या उठतात, म्हणून पाट्यांवर शांततेची सूचना आहे आणि ती मनापासून पाळा. सार्क देशांच्या नागरिकांना पुरातत्त्व स्थळांवर कमी दर लागतो, पण मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. हॉटेलात ठेवून आलात तर पूर्ण दर. वर पोहोचल्यावर उत्तरेकडे सपाट जंगल आणि तलाव, दक्षिणेकडे डोंगरांची निळी भिंत. पुढचे तीन दिवस त्या भिंतीवर चढायचं आहे.

दंबुल्लची लेणी करून, मातलेमार्गे संध्याकाळपर्यंत कँडी. वाटेतल्या मसाल्याच्या बागांत तेलं आणि लेप फार महाग विकले जातात. वेलची-मिरीची झाडं बघा आणि पुढे निघा.

दिवस सातवा: कँडी ते नानू ओया, रेल्वेने

या गाडीचं आरक्षण सुमारे महिनाभर आधी खुलतं आणि पटकन संपतं. मिळालं नाही तर तिसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट काढता येतं, पण चार तास उभं राहण्याची तयारी ठेवा. जोरदार पावसानंतर दरडी कोसळून हा मार्ग बंद पडतो, कधी बराच काळ. आदल्या दिवशी स्टेशनवर विचारा आणि गाडीवाल्याचा नंबर हाताशी ठेवा. दारात लटकून फोटो काढताना बोगद्याच्या भिंतीला धडकून माणसं गेली आहेत. मुलांना दारापासून दूर ठेवा.

चढ 44 मीटरला एक मीटर असा तीव्र आहे, गाडी संथ चालते, आणि तेच बरं. हॅटनच्या आसपासचा हा पश्चिम उतार बेटावरचा सर्वांत ओला. काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. 1869 पासून पसरलेल्या तांबेरा रोगाने इथली कॉफी संपवली आणि तिच्या जागी चहा आला. सहाशे मीटरच्या खालचा, सहाशे ते बाराशेचा आणि त्यावरचा, असे चहाचे तीन वर्ग उंचीवरून पडतात. वर थंडीमुळे पान सावकाश वाढतं, म्हणून चहा फिका दिसतो पण सुगंधी असतो. नानू ओयाहून नुवारा एलिया आठ किलोमीटर. जूनमध्ये इथे धुकं आणि दिवसभर बारीक रिमझिम.

दिवस आठवा: हॉर्टन प्लेन्स आणि डोंगराची दुसरी बाजू

पहाटे पाचला निघा, सहाला फाटक. साधारण साडेनऊ किलोमीटरचा फेरा, तीन तास, उंची 2,100 मीटरच्या वर. वर्ल्ड्स एंड, म्हणजे जगाचं टोक, या नावाने प्रसिद्ध असलेला कडा जवळपास 880 मीटर खाली कोसळतो, पण नऊ-साडेनऊला खालून ढग चढले की समोर नुसतं पांढरं दिसतं. नैर्ऋत्य मोसमात सकाळीही धुकं असू शकतं. हवा अगदीच बंद असेल तर हा भाग खुशाल गाळा, त्याऐवजी झोप घ्या. प्लास्टिकच्या पिशव्या फाटकावर काढून घेतात.

दुपारची गाडी पकडून नानू ओयाहून एल्ला, अडीच-तीन तास. या पट्ट्यात खिडकीशी बसा. पट्टिपोला हे या मार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, सुमारे 1,890 मीटर. ते सोडलं की गाडी बोगद्यात शिरते. शिरताना बऱ्याचदा काचेवर थेंब असतात, बाहेर धुकं, ओली शेवाळलेली दरड, सगळे स्वेटर गुंडाळून बसलेले. बोगद्यापलीकडे ओहियाच्या बाजूला ऊन असतं, पिवळट गवताळ उतार, आणि दक्षिणेला खाली थेट सपाटीपर्यंत उघडी दरी. पावसाळी वारं पश्चिमेला रिकामं झालं, इकडे फक्त वारा उरला. ऊवा भागाचा चहा याच कोरड्या वाऱ्यात, जुलै ते सप्टेंबर, सर्वांत चांगला उतरतो. पश्चिमेकडच्या डिंबुलाचा जानेवारी ते मार्च. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना असे दोन हंगाम.

दिवस नववा: एल्ला ते तिस्समहाराम

सकाळी लिटल अ‍ॅडम्स पीक आणि नऊ कमानींचा पूल, दोन्ही पायी. मग वेल्लवायाकडे उतार: सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरांत सुमारे साडेआठशे मीटर. चालकाला खालच्या गिअरमध्येच उतरवायला सांगा. सतत ब्रेक दाबले की ते तापतात आणि लागेनासे होतात. हा घाट रात्री नको. पायथ्याला गाडीचं दार उघडलं की गरम हवा अंगावर येते, आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी जातो. वाटेत बुदुरुवागलच्या कातळमूर्ती पाहायला पाऊण तास द्या.

दिवस दहावा: याला, हंबन्टोटा, गॉल

याला राष्ट्रीय उद्यानाची जीप पहाटे पाचला निघते. ताडोब्यात फाटकागणिक गाड्या ठरलेल्या असतात, तशी शिस्त इथे अपेक्षू नका. बिबट्या दिसला की वीस जीप एकत्र येतात. त्या घोळक्यात न जाता पाणवठ्याजवळ थांबायला सांगा. बेटावर वाघ नसल्याने बिबट्या निर्धास्त असतो आणि दिवसाही दिसतो. सप्टेंबरमध्ये उद्यानाचा मुख्य भाग सहसा बंद ठेवतात.

हंबन्टोट्याची मिठागरं मागे टाकून द्रुतगती मार्गाने गॉल. वाटेत कुठेतरी पाऊस सुरू होतो: पुन्हा ओला पट्टा. किल्ल्याच्या तटावर संध्याकाळी फिरा, समुद्रात मात्र उतरू नका. या मोसमात ओढून नेणारे प्रवाह असतात आणि घोट्याएवढं पाणीही धोक्याचं. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत याच किनाऱ्यावर पेरालियाजवळ भरलेली रेल्वेगाडी वाहून गेली, हजारावर माणसं मेली. तिथे स्मारक आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलात आलात की उंच जागेकडे जाणारी पाटी कुठे आहे, ते आधी पाहून घ्या.

दिवस अकरावा: परत

गॉलहून विमानतळ दीडशे किलोमीटर, द्रुतगती मार्गाने अडीच तास. कोट्टावाहून बाह्यवळण मार्गाने केरवलपिटियाला निघालं की कोलंबोत शिरावं लागत नाही. पावसात वेग उतरतो, म्हणून सहा तास आधी गॉल सोडा.

नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्रिंकोमालीचे दोन दिवस काढून मिरिस्सा-उनावटुनाला द्यावेत; तेव्हा पूर्व किनारा पावसात आणि दक्षिणेचा समुद्र शांत असतो, देवमासेही मिरिस्साला दिसतात. श्रीपाद या पवित्र शिखराची यात्राही डिसेंबर ते वैशाख पौर्णिमेपर्यंतच चालते. एल्लाला मात्र त्या दिवसांत छत्री लागेल.